वाड्याचा चुन्याचा गिलावा: भिंत वाचण्यापासून सफेदीपर्यंत

पुण्याच्या पेठा, वाई, पैठण, जुनं नाशिक. गाव कोणतंही असो, शे-दीडशे वर्षांच्या घराचा गिलावा फुगला की पहिला सल्ला ठरलेला असतो: 'सगळं खरवडून काढा आणि सिमेंटचं प्लास्टर मारून घ्या.' आठ दिवसांत काम होतं, भिंत सरळ आणि गुळगुळीत दिसते. दोन-तीन पावसाळ्यांनी ओल पूर्वीपेक्षा हातभर वर चढलेली असते, सिमेंटचा पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटून येतो आणि मागच्या विटेचं पीठ झालेलं दिसतं. दोष बहुतेक वेळा गवंड्याच्या हाताचा नसतो. भिंतीच्या जातीचं नसलेलं साहित्य तिच्यावर थापलेलं असतं, आणि ते ठरवताना आर्किटेक्ट, गवंडी, सुतार आणि घरमालक एकदाही एकत्र त्या भिंतीसमोर उभे राहिलेले नसतात.

पुढची पद्धत वाड्याच्या भिंतीसाठी आहे: दगडी जोतं, वर विटा किंवा माती, आत लाकडी सांगाडा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या चिऱ्याच्या घरांनाही यातलं बरंच लागू पडतं.

भिंत कशाची आहे?

वाड्याची भिंत वरपासून खालपर्यंत एका जिनसाची नसते. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर भाजलेल्या विटा, वरच्या मजल्यावर पुष्कळदा कच्च्या विटा किंवा पांढरी माती, आणि या सगळ्यात दडलेले सागाचे खांब आणि तुळया. ओझं बरंचसं लाकूड पेलतं, भिंत मधली जागा भरते. शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला तेव्हा वरचे लाकडी मजले गेले, दगडी जोती आणि तट मागे राहिले. तिथली जोती आज पाहिली तरी कोणतं काम दगडाचं आणि कोणतं लाकडाचं होतं ते कळतं.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मऊ वीट पाणी पिते आणि सोडते. चुन्याचा गिलावा या हालचालीबरोबर थोडाफार वाकतो, बारीक तडा गेला तर ओलाव्यात चुना विरघळून पुन्हा तिथेच बसतो आणि तडा काही अंशी भरूनही येतो. सिमेंट ताठ असतं. ते तडकतं, तड्यातून पाऊस आत जातो आणि आलेलं पाणी त्याच्याआडून सहज बाहेर पडत नाही.

काळ्या दगडाची गोष्ट आणखी वेगळी. बेसॉल्ट जवळजवळ पाणी पीत नाही, म्हणून जोत्यातली ओल बाहेर पडते ती दगडांमधल्या सांध्यांतून. ते सांधे सिमेंटने भरून वर फुगीर दर्जा (सांध्यांच्या भरणीच्या रेघा) काढल्या आणि त्या काळ्या रंगाने रंगवल्या की जोतं देखणं दिसतं, पण ओलीला एकच वाट उरते: वर, विटांमध्ये. घराच्या आतल्या भिंतीला अचानक लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, लागला असेल तर आधी बाहेर जाऊन जोत्याच्या दर्जा पाहाव्यात.

चिरा म्हणजे जांभा याच्या उलट, भोकाभोकांचा आणि पाणी पिणारा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. त्याच्या खडबडीत तोंडावर चुना छान पकड घेतो, म्हणून तिथे सांधे खोल खरवडण्याची फारशी गरज नसते.

पाहणीचा दिवस

या दिवशी आर्किटेक्ट, गवंडी, सुतार आणि घरमालक असे चौघेही हवेत. आर्किटेक्टने प्रत्येक भिंतीचा फोटो मोठ्या कागदावर छापून आणावा आणि खुणा त्यावरच कराव्यात. गवंड्याने बोटाच्या पेराने किंवा थापीच्या मुठीने भिंत वीतभर अंतरावर ठोकत जावं. भरीव आवाज आला तर पुढे. पोकळ आवाज आला तर खडूने वर्तुळ. पोकळ भाग सगळा काढावाच लागतो असं नाही. तळहाताएवढा असेल आणि दाबल्यावर हलत नसेल तर तो राहू द्यावा. परातीएवढा असेल, किंवा दाबल्यावर आतून भुगा सरकल्याचा आवाज आला, तर काढावा. जुना गिलावा जेवढा वाचवता येईल तेवढा वाचवायचा, कारण त्याच्याइतका मुरलेला चुना तुम्हाला या कामात मिळणार नाही.

ओलीची रेघ कुठवर आहे ते पट्टीने मोजून तारखेसह लिहून ठेवा. मग ओल कुठून येते ते शोधा: फुटकं कौल, तुंबलेली पन्हाळ, मोरीचा फुटका नळ, आणि सगळ्यात जास्त वेळा बाहेरची वर आलेली जमीन. रस्त्यावर दरवेळी नवा थर पडतो आणि जोत्याचा खालचा दगड जमिनीखाली जातो. ओलीचं मूळ बंद होण्याआधी गिलाव्याला हात लावू नये. भिंत पूर्ण वाळायला लागणाऱ्या वेळाचा ठोकताळा इंचाला एक महिना असा आहे, म्हणजे दीड फुटी भिंतीला दीड वर्ष. तेवढं कुणी थांबत नाही. म्हणून खालच्या तीन फुटांत पहिला गिलावा क्षार ओढून घेण्यासाठीच आहे असं समजावं आणि तो दोन-तीन वर्षांनी बदलण्याचे पैसे आत्ताच अंदाजपत्रकात धरावेत. ही गोष्ट मालकाला कामाआधी सांगितली तर तो समजून घेतो, नंतर सांगितली तर ती सबब वाटते.

लोणा कोरड्या ब्रशने झाडून उचलावा. पाण्याने धुतला की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. फार असेल तर चाळलेली माती आणि कागदाचा लगदा कालवून दोन सेंटीमीटरचा लेप द्यावा, वाळला की काढून टाकावा, असं दोन-तीनदा.

सुताराने टोच्याने खांबांची बुडं तपासावीत. वाड्याचा खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, आणि ते लाकूड ओलीपासून वर ठेवण्यासाठीच. पुढे कुणीतरी फरशी बसवताना कोबा वर आणतो, तळखडा त्यात बुडतो आणि खांबाचं बूड कायम ओलं राहतं. टोच्या सहज आत गेला तर कोबा फोडून तळखडा मोकळा करावा लागेल. कुजलेलं बूड टेकू देऊन कापायचं आणि नवा सागाचा तुकडा खांबाच्या जाडीच्या किमान अडीच-तीन पट लांबीच्या सांध्याने जोडायचा. हे काम गिलाव्याच्या आधीचं आहे. नंतर केलं तर टेकू लावताना बसणाऱ्या हादऱ्याने नवा गिलावा सुटतो.

जुना गिलावा काय सांगतो

भिंतीच्या तीन वेगळ्या ठिकाणांहून, पावसाच्या माऱ्यापासून दूर असलेले, मूठभर गिलाव्याचे तुकडे घ्या. रंगाचे थर खरवडा, तुकडे हलक्या हाताने चुरा, वाळू फोडू नका. मंद आचेवर पूर्ण वाळवून त्यातले 100 ग्रॅम काचेच्या बरणीत घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं म्युरिॲटिक ॲसिड एक भाग आणि पाणी तीन भाग असं द्रावण करा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हे उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून करा, धातूचं भांडं वापरू नका. द्रावण थोडं थोडं ओता, फेस येईल. फेस थांबेपर्यंत ओतत राहा, मग पाण्याने चार-पाचदा धुऊन उरलेला गाळ वाळवा आणि वजन करा.

80 ग्रॅम उरले तर जुनं प्रमाण साधारण एक भाग मुरलेल्या चुन्याला दोन भाग वाळू होतं. 85 च्या आसपास उरले तर तीन भाग. पण आकड्याहून मोलाची ती उरलेली वाळू. ती भिंगाखाली बघा: काळी बेसॉल्टची आहे की पांढुरकी, दाणा गोल आहे की टोकदार, विटेची तांबडी भुकटी म्हणजे सुरखी आहे का. गवंड्याला ती तळहातावर घेऊ द्या. कोणत्या ओढ्याची वाळू जवळची वाटते हे जुना माणूस पुष्कळदा तिथेच सांगतो, आणि प्रयोगशाळेचा अहवाल तेवढं सांगत नाही. वाळूत शिंपल्याचे तुकडे असतील तर मात्र हा हिशेब चुकतो, कारण शिंपलाही ॲसिडमध्ये विरघळतो.

चुना

चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी राहते. पाणी घातलं की ती उकळते, फुगते आणि विरलेला चुना तयार होतो. भिंतीवर लावल्यावर तोच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून पुन्हा चुनखडी बनतो. एवढ्या एका चक्रावर पुढचे सगळे नियम उभे आहेत.

दुकानात 'पुट्टी' मागू नका, पांढऱ्या सिमेंटची पिशवी मिळेल. चुनकळीचे ढेकूळ मागा. ढेकूळ आकाराच्या मानाने हलकं आणि कोरडं हवं, खाली भुकटी साचलेली नको. भुकटी म्हणजे चुना हवेनेच विरून गेलेला. आयएस 712 या भारतीय मानकात चुन्याचे 'ए' ते 'एफ' असे वर्ग आहेत. नेहमीच्या गिलाव्याला 'सी' वर्गाचा शुद्ध चुना. जोत्याच्या दर्जांना आणि मोरीजवळ 'बी' वर्गाचा, जो काही प्रमाणात पाण्यानेही घट्ट होतो. तो मिळाला नाही तर 'सी' वर्गात सुरखी मिसळावी.

एक किलो ढेकळं लोखंडी बादलीतल्या तीन लिटर पाण्यात टाकून पाहा. काही मिनिटांत सूं-सूं आवाज येऊन पाणी उकळायला हवं. दुसऱ्या दिवशी जाळीतून गाळल्यावर पन्नास-साठ ग्रॅमपेक्षा जास्त खडे उरले तर तो माल परत करा. हे खडे कमी भाजलेले किंवा जळालेले असतात. जळालेले खडे फार उशिरा विरतात, काही तर भिंतीवर गेल्यावर महिन्यांनी. तेव्हा ते फुगतात आणि गिलाव्यावर फोड येऊन वाटाण्याएवढे खड्डे पडतात. त्यावर नंतर इलाज नाही, चुना आधी मुरवणं हाच इलाज.

भिजवताना नेहमी पाणी आधी, चुनकळी मागून. किलोला तीन लिटरच्या हिशेबाने पाणी लोखंडी पिंपात किंवा विटांनी बांधलेल्या खड्ड्यात घ्या. प्लास्टिकचं पिंप उष्णतेने मऊ पडतं. चुनकळी थोडी थोडी सोडा आणि लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत राहा. चष्मा, गमबूट, लांब हातमोजे. मुलं आणि कुत्री लांब. डोळ्यात शिंतोडा गेला तर साध्या पाण्याने वीस मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरकडे जा. तेल, दूध, मध काहीही घालू नका. थंड झाल्यावर दोन-तीन मिलिमीटरच्या जाळीतून गाळून वर चार बोटं पाणी राहील असं साठवा. एका किलो चुनकळीतून दोन ते अडीच लिटर मऊ चुना मिळतो.

खालच्या थरांसाठी किमान तीन आठवडे, शेवटच्या गुळगुळीत थरासाठी तीन महिने मुरलेला चुना हवा. म्हणून वेळापत्रक उलटं लावा. मेअखेर, पहिल्या पावसाच्या आत चुनकळी आणायची आणि त्याच दिवशी भिजवायची, कारण पावसाळी हवेत पोत्यातली चुनकळी फुकट जाते. पावसाळाभर चुना मुरतो, तेवढ्यात कौलं आणि लाकूडकाम उरकतं. दसऱ्यानंतर नमुने, दिवाळीनंतर भिंत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा देशावर गिलाव्याचा खरा हंगाम. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात पाणी इतकं भराभर उडतं की चुना घट्ट होण्याआधीच वाळतो आणि बोट फिरवलं की पांढरी भुकटी निघते.

वाळू, सुरखी आणि गूळ

वाळूचा एक सोपा प्रयोग सगळ्यांसमोर करा. एक लिटरच्या मापात कोरडी वाळू काठोकाठ भरा आणि दुसऱ्या मापाने पाणी ओतत जा, पाणी वर येईपर्यंत. जेवढं पाणी मावलं तेवढी दाण्यांमधली पोकळी. चांगल्या, लहान-मोठ्या दाण्यांच्या वाळूत 330 ते 380 मिलिलिटर मावतं. ती पोकळी चुन्याने भरायची असते. 'एकास तीन' हे प्रमाण असं आलं. सगळा दाणा एकसारखा असेल तर पोकळी वाढते, चुना जास्त लागतो, आणि चुना जास्त झाला की तडे.

नदीची वाळू आता सहज मिळत नाही. क्रश सँड चालते, पण काँक्रीटसाठी आलेल्या मालात दगडाचं पीठ पुष्कळ असतं, ते धुवावं लागतं. बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, तीन तास ठेवा. वरचा गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर वाळू धुवा. समुद्राची वाळू नकोच, तिच्यातलं मीठ भिंतीत राहतं.

सुरखी मऊ भाजलेल्या जुन्या विटांची हवी. काळपट, खणखणीत, जास्त भाजलेल्या विटेची भुकटी चुन्याशी काही करत नाही, ती नुसती वाळूसारखी पडून राहते. ओलीच्या जागी एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद यांबद्दल ऐकीव माहितीच फार. गुळामुळे चुना लुसलुशीत होतो, थापीखाली चांगला सरकतो आणि घट्ट व्हायला जास्त वेळ घेतो. पण गूळ जास्त झाला तर गिलावा चिकट राहतो, हवेतली ओल ओढतो आणि मुंग्या लागतात. सुरुवातीला शंभर लिटर पाण्याला दोन किलो गूळ आणि दोन किलो कुटलेला हिरडा, आठवडाभर भिजवून गाळलेला, इतकं पुरे. बाकी नमुना ठरवील. आमचं मत विचाराल तर वाळू धुण्यावर खर्च केलेला दिवस गुळापेक्षा जास्त उपयोगी पडतो. तंतू मात्र नक्की घाला: दोन-अडीच सेंटीमीटर लांबीचा ताग किंवा काथ्या, सुटा करून, घमेल्याला एक मूठ, लावायच्या दिवशीच. वेरूळच्या लेण्यांमधल्या जुन्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत, तेव्हा ही युक्ती नवी नाही.

चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, चुना दळायचा तो एकजीव करण्यासाठी. चाक दाबून चिरडतं, त्यामुळे कमी पाण्यात मऊ माल होतो. काँक्रीटचा मिक्सर नुसता उलथापालथ करतो, गोळे राहतात, मग मजूर पाणी ओततो, आणि ते जादा पाणी उडालं की तडे. घाणी किंवा चाकाचं यंत्र नसेल तर लाकडी दांड्याने कुटावं आणि मजुरी तशी धरावी.

100 चौरस फुटांना सरासरी 20 मिलिमीटर जाडीसाठी साडेसात ते आठ घनफूट वाळू आणि 70 ते 75 लिटर मुरलेला चुना लागतो, म्हणजे 32 ते 35 किलो चुनकळी. यात सांधे आणि नासाडी धरली आहे. भिंत फार वाकडी असेल तर वीस टक्के वाढवा.

नमुना

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो आणि सगळ्यात जास्त वाद वाचवतो. प्रत्यक्ष भिंतीवर, दिसेल अशा जागी, तीन फूट बाय तीन फुटांचे तीन तुकडे करा: एकास दोन, एकास तीन, आणि सुरखीचं मिश्रण. प्रत्येकावर तारीख, प्रमाण आणि लावणाऱ्याचं नाव लिहा. चार आठवडे थांबा. मग नखाने ओरखडा, ओला स्पंज फिरवून पाणी कसं शोषलं जातं ते पाहा, ठोकून ऐका. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका प्रकाश टाका. दिवसा न दिसणारी प्रत्येक लाट आणि थापीचा प्रत्येक फटकारा तेव्हा दिसतो. कोणत्या लाटा ठेवायच्या हेही इथेच ठरवा. जुनी भिंत ओळंब्यात नसते. ती सरळ दाखवण्यासाठी एका टोकाला तीन इंच गिलावा भरला तर तो गळून पडणार. गवंड्याला 'ओळंबा भिंतीचा नाही, कोपऱ्याचा आणि चौकटीचा बघ' असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो आपल्या सवयीने, आणि प्रामाणिकपणे, सरळ करायला जातो.

पसंत पडलेला नमुना काम संपेपर्यंत पुसायचा नाही. बिल, तक्रार, शाबासकी, सगळ्याचं माप तो.

पैशांचा मुद्दाही इथेच. चौरस फुटाच्या दराने ठेका दिला की गवंड्याचा फायदा एकाच जाड थरात असतो, आणि जाड थर हीच चुन्याची सगळ्यात मोठी चूक. नमुना आणि शेवटचा हात रोजंदारीवर द्या. खालचे थर दराने द्यायला हरकत नाही, पण प्रत्येक थर ठोकून पाहिल्यावर पैसे, आणि दोन थरांमधल्या रिकाम्या आठवड्यात त्याच माणसांना दुसऱ्या खोलीचं काम. रिकामं बसवलं तर चांगला माणूस दुसऱ्या साइटवर जातो आणि परत येत नाही.

लावणी

सांधे दीड ते दोन सेंटीमीटर खोल खरवडा, धूळ झाडा. वीटभिंत आदल्या संध्याकाळी भिजवा आणि सकाळी पुन्हा शिंपडा. भिंत ओलसर हवी, चकाकणारी नको. कोरडी वीट चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि गिलावा मागून भुसभुशीत राहतो. पांढऱ्या मातीच्या भिंतीला उलट वागवायचं: पाण्याचा नुसता तुषार, आणि पहिला पातळ हात माती, तंतू आणि थोड्या चुन्याचा. भिजवली तर भिंतच खाली बसेल.

पहिला थर दहा-बारा मिलिमीटर, थापीने जोरात फेकून मारलेला, म्हणजे सांध्यांत हवा राहत नाही. थोडा आवळला की तीन-चार मिलिमीटर खोल तिरप्या रेघा ओढा. किमान आठवडाभराने, अंगठा रुतत नाही पण नखाचा ओरखडा उठतो अशा अवस्थेत, दुसरा थर, आठ-दहा मिलिमीटर, एकास तीन. पुढच्या दोन दिवसांत केसासारखे तडे दिसतील. घाबरून त्यावर पाणी ओतू नका. हलका तुषार मारून लाकडी रंध्याने (गवंड्याच्या सपाट फळीने) दाबून पुन्हा घासा, मिटतात. हे दुसऱ्या-तिसऱ्यांदा घासणं ज्याने आळसाने सोडलं त्याची भिंत महिन्याने ओळखू येते. तिसरा थर दोन-तीन मिलिमीटर, बारीक चाळलेली वाळू आणि जुना मुरलेला चुना सारखे.

सात ते दहा दिवस भिंतीवर ओलं गोणपाट टांगून ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा तुषार मारा. सिमेंटसारखं सतत पाणी मारायचं नाही. भिंत पाण्याने भरलेली असली तर हवा आत जात नाही, आणि पूर्ण कोरडी असली तरी चुन्याची क्रिया थांबते.

वायरिंगच्या नळ्या गिलाव्याआधी. नंतर ग्राइंडरने खाचा पाडल्या तर आजूबाजूचा गिलावा हादरून पोकळ होतो. वाड्यात उघड्या नळ्याच बऱ्या, कडीपाटाच्या कडेने नेल्या की डोळ्यात येत नाहीत.

जोत्याच्या दर्जा सुरखीच्या चुन्याने भरा आणि दगडाच्या तोंडापासून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा. दगडावर चुना सांडला तर लगेच पुसा.

चुना म्हणजे गरिबाचा पर्याय असं कुणी म्हणालं तर त्याला संभाजीनगरचा बीबी का मकबरा दाखवावा. संगमरवर भिंतींच्या खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर आहे, मधला बराचसा पांढरा भाग चुन्याचा गिलावा आहे, त्यावर नक्षीही त्याच चुन्याची. तिथल्या दरवाजावरच्या लेखात रचनाकार अताउल्ला आणि बांधकाम पाहणारा हंसपत राय अशी दोन नावं आहेत. कोकणातली आणि गोव्यातली कावी कला आणखी एक पाऊल पुढे जाते: चुन्यावर तांबड्या कावेचा थर, आणि तो ओला असतानाच खरवडून पांढरी नक्षी. गिलावा लावणारा आणि नक्षी काढणारा यांना तेच मोजके तास मिळतात, एकाचा उशीर दुसऱ्याला भरून काढता येत नाही.

सफेदी

वर प्लास्टिक पेंट लावला तर आतापर्यंतची मेहनत पाण्यात, कारण ओलीची वाट पुन्हा बंद. मुरलेला चुना दुधाइतका पातळ करा, फडक्यातून गाळा, भिंतीवर तुषार मारा आणि पातळ हात द्या. दोन हातांमध्ये एका दिवसाचं अंतर, असे चार ते पाच हात. पहिला हात ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो, म्हणून रंगारी घट्ट करायला जातो. घट्ट सफेदी पापुद्र्यांनी सुटते. रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवळी माती, चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि सगळ्या घराला लागेल तेवढा एकाच वेळी कालवून. दुसऱ्यांदा कालवलेला रंग पहिल्यासारखा उतरत नाही.

दरवर्षी पाऊस संपला की पन्हाळी साफ करून ओलीची रेघ पुन्हा मोजा आणि पहिल्या तारखेच्या शेजारी लिहा. उरलेला चुना फेकू नका. झाकणाच्या पिंपात, वर चार बोटं पाणी, बाहेर भिजवल्याची तारीख आणि वाळू कुठून आणली त्याची नोंद. दहा वर्षांनी कोपरा फुटला तर तोच चुना लागेल, आणि तोवर तो आणखी चांगला झालेला असेल.